बिशपला एकदाच सांगायचं

ओरिन टेटनं मातीत हात खुपसला, पण तो आत गेला नाही. बोटांची दोन पेरं कशीबशी रुतली आणि अडली.

सकाळी उजाडताना याच जागी त्याचा हात कोपरापर्यंत गेला होता. तीन दिवस खपून त्यानं ही जागा केली होती. मांडीइतकं खोल खणून खाली वीस मैलांवरच्या गिरणीतून आणलेला लाकडाचा भुसा घातला होता आणि वर चाळलेली लाल माती. एखादा खडा राहिला असेल म्हणून ती मातीही त्यानं डाळ निवडावी तशी हातानं निवडली होती. भरधाव घोडा जिथं पाडायचा असतो त्या जागेला सेटवर सगळे गादी म्हणत. गादी मऊ असली की घोडा पडतो, लोळतो आणि उठून अंग झाडतो. कडक असली तर काय होतं ते ओरिननं एकदा पाहिलं होतं, आणि ते त्याला पुन्हा पाहायचं नव्हतं.

"डेलॉय," त्यानं मान वर न करता हाक मारली. "इथं पाणी मारलंस?"

डेलॉय म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. सिनेमाची माणसं गावात आली की पाण्याचा टँकर त्याच्याकडे असायचा. टँकरच्या पायरीवर बसून तो बाटलीतले पीच खात होता.

"मारलं की! चांगल्या दोन फेऱ्या मारल्या," तो खुशीत म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? घोडी पळणार तिथं धूळ दिसता कामा नये, हे तूच नाही का वीस वर्षं घोकून घेतलंस माझ्याकडून? आज मोठा शॉट. म्हटलं, दोन फेऱ्या जास्त." मग ओरिनचा चेहरा पाहून त्याच्या हातातला चमचा थांबला. "का रे? काय झालं?"

ओरिननं मुठीनं जमिनीवर ठोकलं. आवाज आला. मऊ मातीचा आवाज येत नसतो. तिथल्या लाल मातीला पाणी पाजलं आणि वर दोन तास सप्टेंबरचं ऊन दिलं की तिची वीट होते. गावातल्या अर्ध्या घरांच्या भिंती अशाच झाल्या होत्या. डेलॉयचं स्वतःचं घरही त्याच मातीचं होतं.

"अरे देवा," डेलॉय म्हणाला. बाटली त्यानं पायरीवर ठेवली ती कलंडून रस सांडला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही. "ओरिन, मला वाटलं... मी रोजच मारतो ना पाणी."

"माहितेय."

"मला शिव्या तरी दे."

"शिव्या दिल्यानं माती मऊ होते का?" ओरिन उठला. वय सत्तावन्न. उठताना गुडघे कुरकुरले. त्याला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. गादीवर पाणी मारू नकोस, हे डेलॉयला सांगायला तो विसरला होता. विसरला म्हणजे, सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

शॉट एक वाजता होता. बाराला दहा मिनिटं कमी होती.

पलीकडे दोरीला बांधलेला बिशप शेपटीनं माशा वारत उभा होता. तांबडा घोडा, कपाळावर बोटभर पांढरा टिळा, वय एकोणीस. हे वय घोड्याच्या हिशेबात ओरिनपेक्षाही जास्त. हा घोडा लहानपणापासून सांगितलं की गुडघे टेकायचा, म्हणून ओरिननं त्याचं नाव बिशप ठेवलं. गावच्या चर्चचे खरे बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, पोटासाठी चाऱ्याचं दुकान चालवत. रागावतील म्हणून ओरिन बरेच दिवस त्यांना नाव सांगत नव्हता. त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "ब्रदर टेट, मी तीस वर्षं या गावाला गुडघे टेकायला शिकवतोय, जमलं नाही. तुझा घोडा आपणहून टेकतो. माझी खुर्चीच त्याला देऊन टाकतो."

बिशप आजवर चौदा सिनेमांत पडला होता. डावा लगाम एका विशिष्ट तऱ्हेनं ओढला की तो धावता धावता डाव्या खांद्यावर कोसळायचा आणि मेल्यासारखा पडून राहायचा. पडणं सोपं, खरी विद्या पडून राहण्याची. आजूबाजूला बंदुका वाजत, पन्नास माणसं बोंबलत, दुसरी घोडी अंगावरून उड्या मारत. अशा वेळी घोडा मध्येच उठला तर शॉट जातो आणि कधी जीवही जातो. म्हणून ओरिननं त्याला शिकवलं होतं, कुणी हाका मारो, ओढो, चापट्या मारो, उठायचं नाही. उठायचं ते फक्त ओरिननं "ऊठ" म्हटल्यावर. तेही ओरडून नव्हे, घरात बायकोला मीठ दे म्हणावं इतक्या साध्या आवाजात. आणि एकदाच. ओरिनचा बाप सांगायचा, घोड्याला एखादी गोष्ट दोनदा सांगितली की त्याला कळतं, पहिल्यांदा ऐकलं नाही तरी चालतं. एकोणीस वर्षांत बिशपला तो शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागला नव्हता.

आजचं पडणं शेवटचं, असं ओरिननं बायकोला, मेल्बाला, कबूल केलं होतं.

*

दिग्दर्शक केसलर कापडी खुर्चीत बसून पोटदुखीच्या गोळ्या चघळत होता. हा माणूस विनोदी सिनेमे काढायचा, पण चाळीस दिवसांत त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या स्टुलावर मिस फेन बसल्या होत्या. गावच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनीच लिहिलेल्या कादंबरीवर हा सिनेमा चालला होता. एका थापाड्या शेरीफची गोष्ट. शेरीफ थाप मारायला लागला की त्याचा घोडा खाली बसायचा आणि खरं बोलल्याशिवाय उठायचा नाही. बिशपला पाहूनच त्यांना ती सुचली होती. सगळा गाव ते पुस्तक वाचून पोट धरधरून हसला होता. गावाबाहेर ते फारसं कुणी वाचलं नव्हतं.

"मिस्टर केसलर, गादी कडक झालीय," ओरिन म्हणाला. "पुन्हा करायला चार तास लागतील."

"चार तास?" केसलरनं घड्याळ दाखवलं. "टेट, आपला नायक तीनच्या गाडीनं जातोय. घोड्यावरून उडालेला शेरीफ बेकरीच्या पिठात पडतो, ते त्याचं काम याच उन्हात झालं पाहिजे. उद्या तो दुसऱ्याच्या सिनेमात मेलेला असेल."

"मग शॉट बदला."

मिस फेननी हळूच तोंड घातलं. "माझ्या पुस्तकात घोडा पडतच नाही हो. तो नुसता बसतो. आणि तेच जास्त—"

"बाई, पुस्तक लोक घरी बसून वाचतात," केसलर थकलेल्या आवाजात म्हणाला. "सिनेमात काहीतरी पडावं लागतं." मग ओरिनकडे वळून, "तुझा म्हातारा पडणार नसेल तर तसं सांग. मी जबरदस्ती करत नाही. हस्किन्स आहे माझ्याकडे."

ओरिननं मागं पाहिलं. हस्किन्स हा कंपनीनं कॅलिफोर्नियाहून आणलेला माणूस. ट्रकच्या सावलीत बसून तो पोलादी तारेचं भेंडोळं शांतपणे उलगडत होता. त्याच्या शेजारी भाड्यानं आणलेली एक तपकिरी घोडी उभी होती, चार वर्षांचीही नसेल. तिच्या पुढच्या दोन्ही पायांना चामड्याचे पट्टे आधीच बांधले होते.

तारेचं काम ओरिनला ठाऊक होतं. तारेचं एक टोक पायांच्या पट्ट्यांना, दुसरं जमिनीत पुरलेल्या खांबाला. घोडं उधळतं, तार संपते आणि पुढचे पाय हिसक्यासरशी मागं ओढले जातात. त्यासाठी घोड्याला काही शिकवावं लागत नाही. गेल्या वर्षापर्यंत जनावरांवर लक्ष ठेवायला सेटवर एक माणूस यायचा. तोही आता येईनासा झाला होता.

अठ्ठावीस वर्षांचा असताना ओरिननं स्वतः अशी तार बांधली होती, एका करड्या घोड्याला. त्या घोड्याचे दोन्ही पाय मोडले आणि गोळीही ओरिनलाच घालावी लागली. त्या घोड्याचं नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. ही गोष्ट त्याला अजून सलत होती.

"ही घोडी कुणाची?" त्यानं हस्किन्सला विचारलं.

"कुणाची का असेना." हस्किन्स दुष्ट नव्हता, त्यानं नजर वळवली. "तू तुझा घोडा पाडलास तर मी ही तार गुंडाळून ठेवतो, बाबा. मला काही हौस नाही."

ओरिन पुन्हा गादीपाशी गेला. डेलॉय फावडं घेऊन वेड्यासारखा खणत होता. घामानं निथळत होता, पण वीतभर उकरायलाही त्याला दहा मिनिटं लागली होती.

"थांब," ओरिन म्हणाला आणि गुडघ्यांवर बसून गादी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत निघाला. मध्यभागी कडक. शेवटाला कडक. अगदी सुरुवातीला, जिथं सेटवरच्या खोट्या बेकरीचं छप्पर पुढं आलं होतं, तिथं टँकर पोचला नव्हता. त्या सावलीत त्याचा हात कोपरापर्यंत गेला. चार हात लांब, चार हात रुंद. एका घोड्याचा खांदा टेकेल एवढीच जागा.

त्याच्या मनात सगळं एकदम स्पष्ट झालं.

टोबी लस्क शेरीफच्या वेषात तयार होता. नायकाऐवजी घोड्यावरून पडण्याचं काम त्याचं. पोटाला बांधलेली भलीमोठी उशी सावरत तो आला. "काय म्हणतोस, ओरिन? पाडायचा का?"

"उशी काढ आणि मला दे."

"म्हणजे?"

"तुझ्या हाताला खुणेच्या त्या पांढऱ्या दगडापाशी लगाम ओढायची सवय झालीय. आज तो त्याच्या तीन ढांगा आधी ओढायचाय. अर्धी ढांग चुकली तरी घोडा संपला."

लस्कनं सावलीतल्या मऊ मातीकडे पाहिलं, मग पुढच्या विटेकडे. "घोडा इथं पडला तर बसणारा तिथं जाऊन आदळणार."

"हो."

"तू दहा वर्षांत पडलेला नाहीस."

"पडायला काय विसरतं माणूस? कोट दे."

"ओरिन, वेडेपणा करू नकोस," डेलॉयचा आवाज रडवेला झाला होता. "मेल्बा मला घरात घेणार नाही."

"मग तिला सांगू नकोस," ओरिन म्हणाला. शेरीफचा कोट त्याला लांब होत होता आणि उशीमुळे तो हास्यास्पद दिसत होता. एक-दोघं हसलेही. बिशपला मात्र कोट नि उशीचं काही वाटलं नाही. त्यानं ओरिनचा खिसा हुंगला. खिसा लस्कचा होता, त्यात सफरचंद नव्हतं.

*

दोनशे पावलांवरून ओरिननं घोडा वळवला. तिथून बेकरी खेळण्यासारखी दिसत होती. त्याला भीती वाटत होती. स्वतःची वाटत होती, घोड्याची त्याहून जास्त. तो बिशपच्या मानेवर वाकला, पण काही बोलला नाही. उगाच बडबड करायची त्याला सवय नव्हती.

कुणीतरी निशाण खाली केलं. बिशप सुटला. म्हातारा असला तरी पहिल्या दहा ढांगांतच त्याच्या अंगात जुना जोर आला. बेकरी मोठी होत गेली. पांढरा दगड दिसला. ओरिन ढांगा मोजत होता. छपराची सावली घोड्याच्या नाकाशी आली त्या क्षणी त्यानं डावा लगाम ओढला.

बिशपनं एका क्षणासाठी कान मागं केले. इतक्या लवकर? पण सांगितलेलं ऐकायचं हे त्याच्या रक्तात होतं. तो डाव्या खांद्यावर गेला. मऊ मातीत खांदा रुतल्याचा तो जाड, दबका आवाज ओरिननं ऐकला आणि त्याला बरं वाटलं. मग तो हवेत होता. मग ती वीट आली.

"कट!"

लोक हसले. पोटाला उशी बांधलेला म्हातारा बेडकासारखा उडून आपटला होता. हसण्यासारखंच होतं ते. केसलर खुर्चीतून उठला होता. "झकास! एका फटक्यात!"

ओरिन पाठीवर पडला होता. कमरेखाली काहीतरी मोडलं होतं हे त्याला कळलं, पण दुखत नव्हतं अजून. श्वास मात्र येत नव्हता. छातीतली सगळी हवा कुणीतरी उपसून नेली होती. त्यानं मान वळवली. बिशप सावलीत पडला होता, डोळे उघडे, पाय पसरलेले, अगदी शिकवल्याप्रमाणे. एक कान ताठ उभा. वाट पाहत.

ओरिननं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

एरवी तो कॅमेऱ्याशेजारी उभा असायचा आणि "कट" झालं की तो शब्द सांगायचा. आज सांगणाराच जमिनीवर होता. खोगिरावर चढताना हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

हसणं हळूहळू विरलं.

"घोडा उठत का नाही?" कुणीतरी म्हणालं.

हस्किन्स धावत गेला. त्यानं लगाम ओढला, हाका मारल्या, पुठ्ठ्यावर चापट्या दिल्या. बिशप हलला नाही. हस्किन्सनं खांद्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. असे घोडे त्यानं बरेच पाहिले होते. "खांदा गेला याचा. उठणार नाही आता." तो उठून ट्रककडे निघाला. काय आणायला, हे सगळ्यांना कळलं. मोडलेल्या जनावराला तळमळत ठेवायचं नाही, हा या धंद्यातला एकमेव धर्म होता, आणि हस्किन्स तो पाळायचा.

ओरिननं ते पाहिलं. त्याचे ओठ हलले. लस्क त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. "हलू नकोस. पाणी हवंय का? पाणी आणा रे!" ओरिननं डोळ्यांनी घोड्याकडे खुणावलं. लस्कला वाटलं, त्याला ते बघवत नाही. त्यानं मायेनं ओरिनचं डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं आणि तळहात त्याच्या डोळ्यांवर धरला. "नको बघूस. आता होऊन जाईल."

तळहाताखालच्या अंधारात ओरिनला बंदुकीचा खटका मागं ओढल्याचा आवाज आला. जन्मात इतका असहाय तो कधी झाला नव्हता. एक शब्द. दोन अक्षरं. तीही निघत नव्हती.

"बाजूला हो," हस्किन्सचा आवाज.

"नाही होत." हा डेलॉय. "तो मेला नाहीये. मोडलाही नाहीये. त्याला ओरिननं सांगितलं नाही म्हणून तो उठत नाही!"

"अरे, मी इतकं ओढलं त्याला—"

"तू ओढलास म्हणूनच नाही उठणार! तू कोण त्याचा?"

"डेलॉय, त्याचे हाल का करतोस? पाय बघ त्याचे."

"गोळी घालायची तर मला घाल. पाणी मी मारलंय."

मग सगळेच बोलायला लागले. कुणी डेलॉयला ओढत होतं, कुणी डॉक्टरला हाका मारत होतं, केसलर म्हणत होता, "संपवा एकदाचं, पण कॅमेऱ्यापासून दूर." त्या गलक्यात ओरिनच्या छातीत सुरीच्या धारेसारखा एक श्वास शिरला, बरगड्या करकरल्या. त्यानं तो शब्द म्हटला. तो त्यालाच ऐकू आला नाही.

पण मिस फेननी त्याचे ओठ पाहिले. छत्तीस वर्षं त्या वर्गात मागच्या बाकांवरचे ओठ वाचत आल्या होत्या.

"गप्प बसा!"

तो आवाज काही मोठा नव्हता. पण त्या गावातली निम्मी माणसं त्या आवाजाखाली पाढे शिकली होती. डेलॉयचे हात आपोआप पाठीमागं गेले. कॅलिफोर्नियाच्या माणसांनाही आपली कुठलीतरी बाई आठवली असावी, कारण तीही गप्प झाली. हस्किन्सनं बंदुकीची नळी खाली केली. केसलर तोंडात गोळी धरून उभा राहिला.

"मिस्टर लस्क, हात काढा तो. ब्रदर टेट काहीतरी सांगताहेत, आणि तुम्हाला नाही सांगत."

हात निघाला. ऊन डोळ्यांत घुसलं. सगळीकडे शांतता. ओरिननं दुसरा श्वास घेतला, पहिल्याहून लहान. मघाचा शब्द बिशपपर्यंत पोचलाच नव्हता, म्हणजे तो सांगितला असं धरायचं नाही.

"ऊठ," तो म्हणाला.

जवळ बसलेल्या लस्कनं नंतर शपथेवर सांगितलं की त्याला काहीही ऐकू आलं नाही. पण सावलीतला तो ताठ कान वळला. बिशपनं मान उचलली, पुढचे पाय रोवले, हुंकार देत उभा राहिला आणि सगळं अंग असं झाडलं की हस्किन्स आणि डेलॉय दोघं लाल मातीनं माखले. मग तो चार पावलं चालून ओरिनपाशी आला आणि लस्कच्या कोटाचा खिसा पुन्हा हुंगू लागला.

हस्किन्सनं बंदूक उघडून गोळी बाहेर काढली. ती खिशात टाकून तो तार गुंडाळायला ट्रककडे गेला. डेलॉय मात्र जमिनीवर बसून ढसाढसा रडला, आणि त्याला कुणी हसलं नाही.

*

ओरिनच्या खुब्याचं हाड पुढं नीट जुळलं नाही. काठी आली आणि घोड्यावर बसणं संपलं. मेल्बा पंधरा दिवस भावाशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिनं त्याला वाडग्यात पाव-दूध वाढलं आणि विषय मिटला.

सिनेमा पुढच्या एप्रिलमध्ये आला. कंपनीनं त्याचं नावही बदललं होतं. मोठ्या शहरांत तो कधी लागला नि कधी उतरला कुणालाच कळलं नाही. गावातल्या थिएटरात दोन दिवस लागला. सगळा गाव आला, खरे बिशपही आले. नायक मजेदार होता, लोकांनी आपापली घरं, आपापल्या गाई ओळखल्या आणि टाळ्या वाजवल्या.

पडण्याचा शॉट आला. ओरिननं काठी घट्ट धरली. तांबडा घोडा आला, कलला, शेरीफ उडाला आणि लगेच पिठानं पांढरा झालेला नायकाचा चेहरा. लोक खदखदून हसले. मोजून दोन सेकंद झाले नसतील.

"एवढंच?" डेलॉय अंधारात म्हणाला. "ओरिन, एवढंच?"

ओरिनची नजर पडद्यावरून हलली नाही. मेल्बानं त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

बाहेर पडल्यावर मिस फेन दाराशी भेटल्या. नवी टोपी घातली होती, पण चेहरा पडलेला होता. "माझं पुस्तक त्यात कुठं होतं, ते मला काही दिसलं नाही हो."

"होतं," ओरिन म्हणाला. "पिठाच्या शॉटआधी. उजव्या कोपऱ्यात. जमिनीलगत एक कान दिसला, ताठ उभा. कापायचा राहिला असेल त्यांचा."

मिस फेन तशाच तिकिटाच्या खिडकीकडे वळल्या. मग दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून त्या तेवढा कान बघायला पुन्हा गेल्या. त्यांनी तो पाहिला. थिएटरात त्या दिवशी त्यांच्याशिवाय नऊ माणसं होती.

बिशप त्यानंतर आणखी दोन हिवाळे जगला. ओरिन रोज सकाळी काठी टेकत कुंपणापाशी जायचा. खिशात सफरचंद असायचं, कापून आणलेलं, कारण घोड्याचे दात गेले होते. तिसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या एका सकाळी, बिशप कुंपणापाशी आला नाही. कुरणाच्या मध्यभागी तो डाव्या अंगावर पडलेला होता, पाय पसरून. आयाळीवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं.

ओरिन फाटक उघडून आत गेला. त्याला तिथवर पोचायला वेळ लागला. पाच पावलांवर तो थांबला, टोपी नीट केली आणि नेहमीच्या साध्या आवाजात म्हणाला, "ऊठ."

त्यानं कानाकडे पाहिलं.

मागून डेलॉय पोचला होता. तो धापा टाकत होता. "ओरिन... पुन्हा एकदा म्हणून बघ ना. मोठ्यानं म्हण. म्हातारा झालाय, ऐकू गेलं नसेल."

"नाही," ओरिन म्हणाला. "त्याला एकदाच सांगायचं."

काठीवर भार देत, दुखरा पाय आधी लांब करून, तो हळूहळू खाली बसला. घोड्याच्या गळ्यातलं दावं सोडायला त्याला बराच वेळ लागला. दहिवरानं गाठ आवळली होती. डेलॉय मदतीला वाकला, तेव्हा ओरिननं त्याचा हात बाजूला केला. गाठ सुटल्यावर त्यानं दावं गुंडाळून मांडीवर ठेवलं, खिशातलं सफरचंद काढलं आणि एक फोड डेलॉयपुढं धरली.